चारनंतरचे पाणी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज टपालाने पार्सल आले. आत निघाले ते असे: छापील पुस्तके तीन (एक जाड, दोन पातळ), कोरी वही एक, कापडी पिशवी एक, गळ्यात अडकवायचे ओळखपत्र एक, वेळापत्रक एक. शुल्क अठराशे, टपालखर्च पंचेचाळीस, ओळखपत्रासाठी काढलेला फोटो साठ. एकूण एकोणीसशे पाच. सासूबाईंची चाकाची खुर्ची विकून बावीसशे आले होते, त्यात भागले. उरलेले डब्यात.

पिशवी चांगली जाड आहे. बाजाराला होईल.

जाड पुस्तकावर लिहिले आहे 'लोकसंख्येचे वृद्धत्व आणि दीर्घकालीन शुश्रूषा'. विद्यापीठाने यंदा हा अभ्यासक्रम काढला. डॉक्टर, नर्स, वकील, घरांचे नकाशे काढणारे, बँकेतले, सगळ्यांना एकाच वर्गात बसवून म्हातारपण शिकवायचे, असा बेत. बावीस जागा. त्यातल्या दोन घरी सांभाळणाऱ्यांसाठी, शिक्षणाची अट नाही. ग्रंथालयाच्या फळ्यावर कागद लावला होता. सात वर्षे सासूबाईंचे केले, मॅट्रिक पास आहे, रोजचा हिशोब लिहिते, एवढेच मी अर्जात लिहिले. घेतले त्यांनी.

हे म्हणाले, "आई ताईकडे गेल्यावर तू शिकणार. वरातीमागून घोडं."

"घोडं पोचलं म्हणजे झालं," मी म्हणाले.

आईंना नणंदेकडे जाऊन सव्वादोन महिने झाले. त्यांची खोली झाडून पुसून बंद केली आहे. कुठल्याही खोलीत शिरले की अजून आई कुठे आहेत याचा कानोसा घेते, सवयच तशी.

संध्याकाळी कुंड्यांना पाणी घातले, देवापुढच्या भांड्यातले पाणी बदलले, जपाला बसले. मन सारखे पुस्तकाकडे. देवा, माफ कर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला वर्ग. लांब खोली, गोलात खुर्च्या. शाळेसारख्या रांगा असत्या तर मागे बसता आले असते.

प्रत्येकाने आपली ओळख सांगायची होती. माझ्या डावीकडे तरुण डॉक्टरीण, उजवीकडे नकाशे काढणारी मुलगी, केस मुलासारखे कापलेले, हातात सतत पट्टी. सगळे आपापल्या पदव्या सांगत होते. माझी पाळी आली. म्हणाले, "मॅट्रिक. सात वर्षं सासूबाई."

कुणी हसेल असे वाटले होते. शुश्रूषा शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे इथं सगळ्यांत जास्त अनुभव तुमचा." पन्नाशीच्या बाई आहेत, मोठा आवाज नाही, पण त्यांचे बोलणे संपेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नाही.

मग लोकसंख्या शिकवणारे सर. मी मनात त्यांचे नाव आकडेसर ठेवले. त्यांनी फळ्यावर आधी शंकू काढला, मग पोटाकडे फुगलेला हंडा. "पूर्वी देशांचा आकार असा होता, खाली पोरं, वर टोकाला चार म्हातारे. आता असा होतोय. आणि हा हंडा उचलणारे हात कमी होतायत." दर हजारी म्हातारे किती, हे त्यांनी यंत्रावर करायला घेतले, मी तोवर तोंडी सांगितले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले. "बाई, तुम्ही मला सुट्टीवर पाठवणार."

घरी येऊन ह्यांना सांगितले. म्हणाले, "हिशोबात तुझा हात कोण धरणार!" बरे वाटले.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नणंदेचा फोन. त्या ह्यांच्याशीच बोलतात. मी फोन उचलला तर "भाऊ आहे का?" एवढेच. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, मी त्यांना वन्सं म्हणते, तरी माझे नमस्कारसुद्धा त्या ऐकून सोडून देतात.

ह्यांनी फोन ठेवल्यावर सांगितले, वन्संनी आज पहिल्यांदाच कळवले: तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांतच आई सावरल्या, आता रोज वर्तमानपत्र वाचतात, भिंग लावून, मोठ्याने. वन्संच्या नातवाला परवा त्यांनी चौदाचा पाढा चुकला म्हणून धरले. संध्याकाळीही चांगल्या असतात.

मी कणीक मळत होते, तशीच मळत राहिले.

संध्याकाळीही चांगल्या. आणि माझ्याकडे? सकाळी चहाच्या वेळी ठीक, दिवस कलला की "कोण गं तू? माझ्या घरात काय करतेस?" ऑक्टोबरात तर माझ्या हाताला चावल्या. स्वतःच्या आईला हाका मारायच्या, जी जाऊन साठ वर्षे झाली. सात वर्षे मी हगणे-मुतणे काढले आणि भ्रमिष्टपणा माझ्या वाट्याला; लेकीच्या घरी पाऊल टाकले की पंधरा दिवसांत भान, आणि आता पाढे. म्हणजे काय समजायचे? मनात येते, माझ्यापुढे ढोंग तर करत नव्हत्या? वाईट विचार. लिहिला, कारण ही वही देवाशिवाय कुणी वाचत नाही.

वन्संच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्चअखेर आहे. पुढे त्यांना आईंचे करणे जमायचे नाही. म्हणून ह्यांनी शुश्रूषा केंद्राचा अर्ज जानेवारीतच भरून ठेवला. तिथे दोन भाग आहेत, खुला कक्ष आणि बंद कक्ष. भान नसलेल्यांना बंद कक्षात ठेवतात, दाराला बाहेरून कडी, भेट आठवड्यातून एकदा. खुल्यात जागा नव्हती. अर्जावर 'सांभाळणाऱ्या व्यक्तीचे निवेदन' अशी जागा होती, ती मी भरली: संध्याकाळनंतर माणसे ओळखत नाहीत, भ्रम होतो, अंगावर धावून येतात. पुराव्याला माझ्या वहीची चार पाने जोडली. तिथला कारकून म्हणाला होता, "असं नीटनेटकं निवेदन आजवर आलं नाही."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज हसून पोट दुखले. पट्टीवाल्या मुलीने सगळ्यांना म्हातारे केले. चष्म्याला मलम फासलेले, चपलेत वाटाणे, हातात दोन-दोन मोजे, आणि म्हणे आता संडास शोधा. वकीलसाहेब तिसऱ्या वेळी झाडूच्या कपाटात शिरले आणि आतून म्हणाले, "अपील करतो."

माझी पाळी आली तेव्हा मात्र हसू गेले. मधे दोन बोटांचा उंबरा होता. दिसलाच नाही. पट्टीवालीने धरले म्हणून बरे.

तिने विचारले, "तुमच्या घरी पलंगापासून संडास किती?"

"तेरा पावलं," मी म्हणाले, "आणि एक उंबरा. त्यावरूनच त्या जुलैत पडल्या."

"मग उंबरा काढला?"

"उंबरा कशाला काढायचा? गवंडी, सिमेंट, आठवडाभर राडा. मी वेगळा उपाय केला."

काय उपाय, हे विचारायच्या आत तिला दुसरीकडे बोलावले. तो उपाय इथे लिहून ठेवते, कारण माझा मलाच अभिमान आहे. पडल्यानंतर रात्री उठायचे म्हटले की त्या थरथरायच्या, उठेपर्यंत चादर ओली. दोन-दोन चादरी रोज, साबण, माझी कंबर. विचार केला, झाड मुळातून पाहावे. एक ऑगस्टपासून दुपारी चारनंतर पाणी बंद केले. गोळीपुरता एक घोट. पंधरा दिवसांत चादर कोरडी. मला कुणी शिकवले नव्हते, पुस्तकात वाचले नव्हते. वहीत मी रोज खूण करत गेले: कोरडी चादर, बरोबरची खूण. आई नणंदेकडे जाईपर्यंत सत्त्याण्णव खुणा झाल्या. जाताना वन्संना त्रास नको म्हणून सगळ्या वेळा सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहून दिल्या. 'चारनंतर पाणी देऊ नये' याखाली रेघ मारली. वन्संनी त्याबद्दल अजून एक चांगला शब्द काढलेला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज वर्ग नाही. माळा आवरला. आईंचा तांब्या सापडला, कडेला पोचा आलेला, त्यांच्या लग्नातला. घासून कपाटात ठेवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रत्येकाने एका वृद्ध माणसाची खरी हकीकत वर्गापुढे मांडायची आहे. डॉक्टरीण दवाखान्यातली मांडणार, वकीलसाहेब एका भांडणातली. मी नर्सबाईंना विचारले, माझ्या वह्या चालतील का? सात वर्षांच्या सात वह्या आहेत, काय खाल्ले, किती झोपल्या, औषध, चादरी, सगळे.

त्या म्हणाल्या, "चालतील काय! विद्यापीठात एवढ्या नोंदी कुणाकडे नाहीत. सोनं आहे ते."

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, "आज भाजीत मीठ दोनदा पडलंय. हवेत आहेस." मी म्हणाले, असू दे एखाद दिवस.

मोठ्या कागदावर रकाने आखले. सोमवारी माझी पाळी. देवा, हात धर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जसे झाले तसे लिहिते.

मी उभी राहिले. अंथरूण कसे बदलायचे, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने, सगळे सांगितले. डॉक्टरीण लिहून घेत होती. मग मी चादरींचा रकाना दाखवला: जुलैत त्रेपन्न ओल्या, ऑक्टोबरात दोन. आकडेसर म्हणाले, "वा!" पाठीमागे कुणीतरी टाळी वाजवली.

डॉक्टरिणीने विचारले, "हे कशानं झालं? औषध बदललं?"

"औषध नाही, पैसा नाही," मी म्हणाले. "दुपारी चारनंतर पाणी बंद."

टाळी वाजवणाऱ्याचा हात तसाच राहिला.

डॉक्टरीण म्हणाली, "बंद म्हणजे? सकाळपर्यंत?"

"गोळीला घोटभर द्यायचे की."

नर्सबाई उठून माझ्याजवळ आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी उत्तर दिले असते. म्हणाल्या, "तुमच्या वहीत दोन तारखा असतील. पाणी बंद केलं ती एक. आणि पहिल्यांदा त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही ती दुसरी. काढून सांगता का?"

मला कशाला शोधावे लागते. माझ्या वहीत सगळे सापडते. एक ऑगस्ट. आणि सव्वीस ऑगस्ट.

मीच फळ्यावर लिहिल्या, एकाखाली एक, वजाबाकीला लिहितात तशा. लिहून झाल्यावर हात खाली येईना.

नर्सबाई सावकाश बोलत होत्या, मला एकटीलाच सांगितल्यासारख्या. म्हाताऱ्या शरीराला तहान कमी कळते, साठा कमी असतो. पाणी तुटले की आधी भान जाते. सकाळी चहा-पाणी पोटात गेले की परत येते, दिवस कलला की जाते. घरचे म्हणतात, वय झाले. "तेवढ्यानंच झालं असं मी छातीठोक सांगत नाही," त्या म्हणाल्या. "वय ऐंशीच्या वर. पण मुलीकडे जाऊन पंधरा दिवसांत सुधारल्या, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत."

त्यांनी टेबलावरच्या जगमधून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. बावीस माणसांसमोर मी तो पेला हातात घेऊन उभी. पिता आला नाही.

मग एकदम आठवले. वन्संना मी कागद लिहून दिला आहे. खाली रेघ मारून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी येऊन वही उघडली होती, फोनला हात घालायच्या आधी. तसे का केले कोण जाणे. खात्री करून घ्यायची होती, की मी तेवढी वाईट नाही याची.

माझ्याच अक्षरात आहे:

'सं. पाणी पाणी करतात. हट्ट.'

'नऊ हाका मारल्या. गेले नाही. सवय लागेल.'

'नळाचा आवाज झाला की उठू पाहतात. स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.'

'म्हणाल्या, बाई माणूस आहेस ना गं तू. मी म्हटले, म्हणून तर तुमचे भले पाहते.'

आणि प्रत्येकापुढे कोरड्या चादरीची खूण.

आज सकाळी फोन केला. वन्संनीच उचलला. "भाऊ ऑफिसला गेला असेल ना," म्हणाल्या.

"तुमच्याशीच बोलायचंय. वन्सं, तो कागद... आईंना संध्याकाळी पाणी द्या. चारनंतरही द्या. मागतील तेवढं द्या. माझं चुकलं."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, त्यांनी गॅस बंद केल्याचेही ऐकू आले.

"तो कागद मी तिसऱ्या दिवशी फाडला, वहिनी," त्या म्हणाल्या. "पहिले दोन दिवस पाळला. तू लिहिलंयस म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं असेल म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत गेले तर आई टेबलाशी उभी. फुलं काढून नीट बाजूला ठेवलेली, आणि फुलदाणी तोंडाला लावलेली. चार दिवसांचं पाणी होतं ते."



"तुम्ही बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? तुझ्यासारखी हिशोबी बाई. साखरेचा दाणा मोजणारी. तुला कळलं नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, कळून करतेस." मग म्हणाल्या, "बोललं पाहिजे होतं. भावाचं घर फुटेल म्हणून गप्प बसले आणि आईला परत पाठवायचं नाही एवढंच ठरवलं. गुडघ्यानं घात केला."

"आईंना आठवतं?"

"आठवत असावं. झोपताना उशाशी तांब्या आहे ना, हे दोनदा हात लावून बघते. तुझं नाव घेत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

हे ऐकल्यावर शिवी दिली असती तर बरे, असे वाटले.

देवापुढचे भांडे आज रिकामेच ठेवले. भरायला हात पुढे होईना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गाला गेले नाही. ह्यांना सांगितले. जेवणे झाल्यावर, ताट उचलायच्या आधी.

हे म्हणाले, "मी एकदा दिलं होतं. सप्टेंबरात. तू देवळात गेली होतीस. दोन पेले गटागट प्यायली. रात्री चादर ओली झाली आणि दुसऱ्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस, दिवसभर."

ती ओली चादर मला आठवली. वहीत 'कारण कळले नाही' असे लिहिले आहे.

"पुन्हा का दिलं नाहीत?"

"तू करत होतीस सगळं. करणाऱ्याच्या मधे कसं बोलायचं? मी ऑफिसातून आलो की आई हात दाखवायची, अशी ओंजळ करून. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो." आणि त्यांनी ताटातल्या ताटात हात धुतला, जे मला मुळीच आवडत नाही. मी ताट उचलले.

रात्रभर विचार करते, मी वाईट वागले की चांगले वागताना चुकले. दोन्हींत तहान तेवढीच लागते.

२ मार्च, सोमवार

शुश्रूषा केंद्रात गेलो, दोघेही. निवेदन मागे घ्यायला. तोच कारकून. म्हणाला, "मागे घेता येईल. पण बंद कक्षातली जागा गेली म्हणून समजा, मागे चौदा जण आहेत. आणि खुल्यात वर्षभर काही नाही. नक्की?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"नक्की," मी म्हणाले. "लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, पण कारण मी होते."

"असा रकाना नाही हो फॉर्मवर," तो म्हणाला. शेवटी 'वैयक्तिक कारण' लिहिले.

जोडलेली चार पाने परत मागून घेतली.

तिथून वर्गाला गेले. वाटले होते नाव काढून टाका म्हणून सांगावे. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर ही बाकीची माणसं पुस्तकातून शिकतील. पुस्तकात तुमची वही नाही." आकडेसर दाराशी भेटले. घोटाळले. म्हणाले, "तुमच्या बेरजा सगळ्या बरोबर होत्या. मोजायचं ते मोजलं नव्हतं. बाई, मी तीस वर्षं देशांचं हेच करतोय." धीर द्यायला म्हणाले असतील. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. कुणी माझ्याकडे पाहिले नाही, पट्टीवालीने फक्त तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली आमच्या दोघींमधे ठेवली.

४ मार्च, बुधवार

वन्संना विचारले, आईंना घरी आणू का. म्हणाल्या, "मला नको विचारूस. भाऊला नको. तिला विचार. ती हो म्हणाली तर मी अडवणार नाही, नाही म्हणाली तर कुणीही आलात तरी दार उघडणार नाही."

फोनवर आईंना ऐकू येत नाही. वन्संनी मधे बसून ओरडून सांगावे, अशी ही गोष्ट नाही. पत्र लिहिते. भिंगाने वाचता येईल असे मोठ्या अक्षरात.

७ मार्च, शनिवार

उंबरा काढला. गवंडी सकाळी आला आणि दुपारच्या जेवणाआधी काम संपले. आठवडाभराचा राडा माझ्या डोक्यातच होता.

गवंडी म्हणाला, "एवढंच होतं? पाच वर्षांपूर्वी बोलावलं असतंत तर अर्ध्या पैशात केलं असतं."

चाकाची खुर्ची ज्यांना विकली होती त्यांच्याकडे गेले. त्यांच्या वडिलांना ती लागली नाही, त्याआधीच ते गेले. दिली परत. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी टेबलावर ठेवून आले.

खुर्ची पलंगापासून संडासापर्यंत ढकलून पाहिली. चाक कुठे अडले नाही. मग स्वतः बसले. ह्यांना म्हणाले, ढकला. त्यांनी ढकलली, परत आणली.

८ मार्च, रविवार

पत्र पाचदा लिहिले. चार फाडले, कागदाची पर्वा केली नाही. पाचवे उद्या टाकणार. त्याची नक्कल इथे ठेवते.

तीर्थरूप आई,

तुमच्या सुनेचा नमस्कार. अक्षर मोठे काढले आहे, दिव्याजवळ बसून वाचावे. वन्संना वाचून दाखवायला सांगू नये, तुम्हीच वाचावे.

ऑगस्टपासून तुम्ही जाईपर्यंत मी तुम्हाला चारनंतर पाणी दिले नाही. तुम्ही मागत होता, ते मला ऐकू येत होते. तुम्हाला भ्रम होतो असे मी सगळ्यांना सांगितले, कागदावर लिहूनही दिले. तो भ्रम बहुधा माझ्या हातचा होता. मला कळत नव्हते हे खरे आहे. विचारायला पाहिजे होते हेही खरे आहे. तुम्ही नऊ वेळा हाक मारलीत त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून तुमच्या हाका मोजत होते. मोजण्याऐवजी उठायला हवे होते.

मी माफी मागत नाही. ती तुम्ही द्यायची वस्तू आहे, मागून घ्यायची नाही.

वन्संच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही कुठे राहायचे हे आता तुम्ही ठरवावे. केंद्रातला अर्ज आम्ही मागे घेतला आहे. तुमचे मन नसेल तर वन्संकडेच दिवसरात्रीच्या दोन बायका ठेवू, त्याची सोय मी करीन, माझी सावली तिथे पडणार नाही. आणि इकडे यावेसे वाटले तर खोली तयार आहे. उंबरा काढला. खुर्ची परत आणली. तुमचा पोचा आलेला तांब्या तुमच्या उशाशी हाताच्या अंतरावर ठेवला आहे. अंतर मी तुमच्या जागी झोपून बघितले आहे. रोज संध्याकाळी तो भरते. सकाळी तसाच भरलेला असतो, तेव्हा तो ओतून देवापुढचे भांडे भरते.

चादरी ओल्या झाल्या तर होतील. साबण पुष्कळ आहे.

सोबत पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे, आत कोरा कागद आहे. जास्त लिहू नये, हात दुखेल. येते किंवा नाही, एवढाच शब्द. नाही असेल तरीही उलट टपाली कळवावे.